मरणपूर्व व मरणोत्तर जखमा

मृतदेहावरची जखम माणूस जिवंत असताना झाली की प्राण गेल्यावर, याचा निर्णय करणे हे न्यायवैद्यकशास्त्रातील एक मूलभूत काम. लोंढा-खानापूर लोहमार्गावर छिन्नविच्छिन्न देह सापडला, तर गाडीखाली जीव गेला की दुसरीकडे मारून रुळावर आणून टाकले, हे त्यावरून कळते. निपाणी-चिकोडीकडे दूधगंगा-वेदगंगेच्या पुरातून वाहत आलेल्या प्रेतावर दगड, झुडपे आणि बंधाऱ्यांचे इतके ओरखडे असतात, की त्यांतला मारहाणीचा एखादा वळ वेगळा काढणे हीच परीक्षा ठरते.

निर्णयाचा आधार एकच : जिवंत शरीर जखमेला उत्तर देते. हृदय चालू असेल, तर रक्त दाबाने बाहेर पडते, आसपासच्या मांसात मुरते आणि तिथेच गोठते. धुतले तरी ते निघत नाही. ताणलेल्या कातडीमुळे जखमेच्या कडा फाकतात. मेल्यानंतरच्या घावात रक्त बेताचेच, कडा बहुधा मिटलेल्या. मात्र देह पालथा पडला असेल, तर कपाळावरच्या मरणोत्तर जखमेतूनही रक्त पाझरत राहते. उलट, नदीत दोन दिवस राहिलेल्या देहाची खरीखुरी मरणपूर्व जखम धुऊन पांढरीफटक दिसते. नुसत्या डोळ्यांच्या साक्षीवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे.

मुक्या माराचा काळा-निळा डाग आणि मृत्यूनंतर रक्त खाली साचून पडणारे जांभळट डाग यांची गल्लत नातेवाईक हमखास करतात. ‘पाठ सगळी काळी-निळी होती’ या एका वाक्यावर गावात तर्क सुरू होतात. त्या जागी छेद घेतला की उलगडा होतो : साचलेले रक्त वाहिन्यांतच असते, पुसले की जाते, माराचे रक्त ऊतींत मुरलेले असते.

माणूस जखमेनंतर काही तास जगला असेल, तर काम सोपे. पांढऱ्या पेशी काही तासांत जखमेकडे जमू लागतात. रक्तातल्या लोहाचे कण साधारण दोन-तीन दिवसांनी विशेष रंगद्रव्याने दाखवता येतात. वरून पाहता निळा डाग पुढे हिरवट, मग पिवळा होतो. पण वय, जागा आणि मुरलेले रक्त यांनुसार हा क्रम इतका बदलतो, की रंगावरून नेमका दिवस सांगू नये. फिनलंडच्या युर्की रायकालिओ यांनी १९६० च्या दशकात जखमेच्या कडेवरील विकरांचा (एन्झाइमांचा) अभ्यास केला. त्यात अमिनोपेप्टिडेज हे विकर जखमेनंतर सुमारे २ तासांनी, आम्ल फॉस्फेटेज ४ तासांनी आणि अल्कली फॉस्फेटेज ८ तासांनी वाढलेले आढळते.

खरी अडचण मृत्यूच्या आगेमागे काही मिनिटांत झालेल्या जखमांची. हृदय थांबले तरी पेशी लगेच मरत नाहीत, आणि घाव बसताच जीव गेला तर प्रतिक्रियेला वेळच मिळत नाही. अशा वेळी डॉक्टरने ‘मृत्यूच्या आसपासची जखम’ एवढेच लिहिले, तर वकील त्याला पळवाट म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने बहुतेकदा तेच प्रामाणिक उत्तर असते.

जळालेल्या देहात श्वासनलिकेतली काजळी आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड ही आगीच्या वेळी श्वास चालू असल्याची खूण. गळफासात तोंडाच्या कोपऱ्यातून छातीवर उतरलेला लाळेचा ओघळ महत्त्वाचा; गळ्यावरचा वळ मात्र मेल्यानंतर लवकर टांगले तरी उमटू शकतो. उसाच्या फडात वा ओढ्याकाठी पडलेल्या देहाचे ओठ, पापण्या, कान मुंग्या, उंदीर, खेकडे कुरतडतात. मुंग्यांचे चट्टे वाळून पिवळे-तपकिरी होतात आणि खरचटल्यासारखे किंवा आम्ल उडाल्यासारखे दिसतात; त्यांच्याखाली रक्त मुरलेले नसते.

१ जुलै २०२४ पासून संशयास्पद मृत्यूचा पंचनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. लग्नाला सात वर्षे होण्याआधी विवाहितेचा असा मृत्यू झाल्यास शवविच्छेदनही होते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ही कागदपत्रे सहसा कन्नडमध्ये असतात, त्यामुळे मराठी पंचांनी सही करण्याआधी मजकूर वाचून घेणे बरे. सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी जखमेच्या कडेचा तुकडा, शेजारच्या धडधाकट कातडीसह, फॉर्मलिनमध्ये ठेवावा लागतो. विषतपासणीचा व्हिसेरा (जठर, यकृत अशा आतल्या अवयवांचे नमुने) सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो. या दोहोंची अदलाबदल झाली, तर पुढची प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. नमुना नीट घेतला असेल, तर अहवालासाठी अंत्यविधी अडवून धरण्याची गरज उरत नाही.

देह कुजला की यांतल्या बहुतेक खुणा मिटतात, आणि खानापूरच्या पावसाळ्यात त्याला फार दिवस लागत नाहीत. मग हाडे उरतात. ऊसतोडणीच्या वेळी फडात सांगाडा सापडला आणि एखाद्या हाडावर कोयत्याचा घाव असला, तर घावाच्या कडांचा रंग पाहतात. त्या बाकीच्या हाडापेक्षा फिक्या असतील, तर घाव बहुधा तोडणीतलाच. कडाही हाडाइतक्याच मातकट असतील, तर घाव जुना. तो जिवंतपणी बसला की मेल्यावर लगेच, हे मात्र भरून येण्याची खूण नसेल तर हाडावरून सांगता येत नाही.