एलईडी लावला आणि क्रूझ कंट्रोल बंद पडला

अमेरिकेत १९९०च्या आसपासची फोर्ड अजून हौसेने चालवणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. ब्रेकचे जुने बल्ब काढून एलईडी लावले, दिवे लख्ख लागतात, पण तेव्हापासून क्रूझ कंट्रोल चालेना. मागच्या दिव्यांचा आणि गाडीचा वेग धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा काय संबंध, असं वाटून माणूस दिव्यांचा विचार सोडतो आणि क्रूझचा कंट्रोल बॉक्स बदलतो. नवा बॉक्सही गप्पच बसतो. संबंध आहे, आणि तो समजला की जुन्या गाडीतला अर्धा इलेक्ट्रिकल बिघाड कसा शोधायचा हेही समजतं.

क्रूझ कंट्रोलचं काम थोडक्यात असं. गिअरबॉक्सवरचा सेन्सर वेगाची खबर देतो; या फोर्ड गाड्यांत दर मैलाला ८००० स्पंद, म्हणजे किलोमीटरला साधारण ५०००. कंट्रोल बॉक्स ते मोजतो, ठरवलेल्या वेगाशी ताडतो आणि थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या झडपेची, केबल ओढतो किंवा सोडतो. ताशी सुमारे ३० मैलांच्या खाली, म्हणजे सेकंदाला ६७च्या आत स्पंद आले तर तो काम सुरूच करत नाही. आणि ब्रेकला पाय लागला की त्याने तत्काळ हात काढून घ्यायचा असतो.

पण ब्रेक दाबलाय हे त्याला कळतं कसं? खरी गंमत इथे आहे.

पेडलपाशी एक स्विच असतो. त्याच्या एका टोकाला फ्यूजमधून बॅटरीचे १२ व्होल्ट येतात, दुसऱ्या टोकाची वायर मागच्या दिव्यांकडे जाते. कंट्रोल बॉक्सने त्याच वायरला आपली एक वायर जोडलेली असते. पेडल दाबलं की तिथे १२ व्होल्ट येतात. पेडल सोडलं की? "स्विच उघडला, म्हणजे शून्य व्होल्ट," असं बहुतेक जण म्हणतील. ते बरोबर नाही. कशालाच न जोडलेली वायर शून्यावर नसते, ती अधांतरी असते. शून्यावर राहायला तिला गाडीच्या बॉडीपर्यंत, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत वाट लागते. ती वाट देतो विझलेला ब्रेकचा बल्ब.

शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे कामी येतो. ब्रेकचा बल्ब पेटलेला असताना सुमारे २ अँपिअर करंट घेतो, म्हणजे त्याचा रोध ६ ओहमच्या आसपास. पण तो फिलामेंटचं टंगस्टन तापल्यावरचा आकडा. थंड फिलामेंटचा रोध त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका, जेमतेम अर्धा ओहम असतो. कंट्रोल बॉक्स आतून एका मोठ्या रोधातून त्या वायरवर थोडंसं व्होल्टेज सोडत असतो. समजा तो रोध १०,००० ओहम आहे. मग १२ व्होल्टची वाटणी १०,००० आणि अर्धा ओहम यांत होते आणि वायरवर एक मिलिव्होल्टसुद्धा उरत नाही. बॉक्स समजतो, पेडल मोकळं आहे. थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली मोठं भोक पडलेली बादली ठेवावी तसं हे आहे: भोक उघडं आहे तोवर बादली कधीच भरत नाही.

एलईडी हे भोक बुजवतो. तीन लाल एलईडी एकामागे एक जोडलेले असतील, तर साधारण ६ व्होल्टपर्यंत त्यांतून करंट जवळजवळ जातच नाही. वायर वर चढते, बॉक्सला वाटतं ब्रेक दाबलेला आहे, आणि तो क्रूझ लागू देत नाही. काही एलईडी दिव्यांत समांतर रोध बसवलेला असतो. त्यांच्याबाबतीत हा त्रास होत नाही.

मला या रचनेचं मनापासून कौतुक वाटतं. वायर तुटली, प्लग निसटला, सगळे ब्रेकचे बल्ब गेले, काहीही झालं तरी बॉक्सला ते "ब्रेक दाबलाय" असंच दिसतं. ब्रेकचे दिवे नसलेली गाडी क्रूझवर धावूच शकत नाही, आणि त्यासाठी एक वायरही जास्तीची लागलेली नाही.

तपासणी त्यामुळे सोपी होते. कंट्रोल बॉक्सचा कनेक्टर काढा आणि त्या वायरपासून बॉडीपर्यंतचा रोध मल्टीमीटरने मोजा. पेडल मोकळं असताना एक-दोन ओहम किंवा कमी यायला हवा. शेकडो ओहम आले तर दोष बल्बमध्ये, होल्डरच्या गंजात किंवा मागच्या अर्थिंगमध्ये आहे. मग मीटर व्होल्टवर घ्या आणि पेडल दाबा: १२ व्होल्ट दिसले पाहिजेत. स्कॅनर लावला की गाडी आपला आजार स्वतः सांगते, हा समज इथे टाकून द्यावा. गाडीने आपले दोष स्कॅनरला कोडमध्ये सांगायची ठरावीक पद्धत, ओबीडी-२, अमेरिकेत सक्तीची झाली १९९६ साली. त्याआधीच्या गाड्यांत स्कॅनरला वाचायला फारसं काही नसतंच. नंतरच्या गाड्यांतही कोड संशयाची दिशा दाखवतो, तुटलेली वायर दाखवत नाही.

स्टिअरिंगवरची बटणंही रोधावरच चालतात. एकाच वायरवर कोस्टसाठी (वेग उतरवायला) १२० ओहम, सेटसाठी (वेग ठरवायला) ६८०, रिझ्यूमसाठी (आधीचा वेग परत धरायला) २२००. आकड्यावरून बॉक्स बटण ओळखतो. स्टिअरिंगच्या चाकाखालच्या घासून फिरणाऱ्या कॉन्टॅक्टवर मळ साठून ५००-६०० ओहमची भर पडली, तर कोस्टचं बटण त्याला सेटचं वाटू शकतं. कॉन्टॅक्ट साफ करा, पुन्हा मोजा.

एलईडीच हवे असतील तर ब्रेकच्या तिसऱ्या, मधल्या दिव्यात एक साधा फिलामेंटचा बल्ब राहू द्यावा. बाजारात मिळणारे ६ ओहमचे लोड रेझिस्टर, म्हणजे एलईडीला समांतर जोडायचे रोध, मी सुचवणार नाही. ब्रेक दाबलेला असताना ते २४ वॅट उष्णता ओकतात आणि प्लास्टिकजवळ बसवले जातात.

या गाड्यांत आणखी एक गोष्ट आधी पाहावी. जोरात ब्रेक दाबल्यावर क्रूझची वीज तोडणारा एक स्विच अनेक फोर्डमध्ये ब्रेकच्या मास्टर सिलिंडरजवळ असतो आणि गाडी बंद असतानाही त्यात वीज असते. आतला पातळ पडदा चिरला की ब्रेक ऑइल कॉन्टॅक्टपर्यंत पोचतं, गंज चढतो, तापमान वाढतं. उभ्या गाड्या यामुळे पेटल्या. १९९९ ते २००९ या काळात फोर्डने टप्प्याटप्प्याने १ कोटी ४० लाखांहून अधिक गाड्या यासाठी परत बोलावल्या. आपल्या गाडीचं हे काम झालंय का, ते चासी नंबर देऊन फोर्डच्या डीलरकडे विचारून घ्यावं. झालेलं नसेल तर तोवर त्या स्विचचा कनेक्टर काढून ठेवावा. क्रूझ चालणार नाही, ब्रेक मात्र पहिल्यासारखेच लागतील.