टोटल स्लॅक आणि फ्री स्लॅक: सवड साखळीची आणि सवड कामाची

प्रकल्पाचे वेळापत्रक सॉफ्टवेअरमध्ये मांडले की प्रत्येक कामासाठी स्लॅकचे दोन आकडे मिळतात, एक टोटल स्लॅक आणि दुसरा फ्री स्लॅक. स्लॅक म्हणजे सवड, एवढे सर्वांना माहीत असते; पण ती सवड कोणाला मिळालेली आहे, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही आकड्यांत वेगवेगळे असते आणि ते न पाहता आकडा वाचला की वेळापत्रक बिघडू लागते. माझ्या मते क्रिटिकल पाथ, म्हणजे प्रकल्पाची अखेरची तारीख ठरवणारी कामांची साखळी, समजून घेण्यातला सर्वांत मोठा अडथळा हाच गोंधळ आहे. प्रायमाव्हेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये याच दोन गोष्टींना टोटल फ्लोट आणि फ्री फ्लोट म्हणतात. नावे निराळी असली तरी कल्पना एकच आहे.

व्याख्या थोडक्यात अशा आहेत. एखादे काम जितके दिवस लांबवूनही संपूर्ण प्रकल्पाची अखेरची तारीख हलत नाही, तितका त्याचा टोटल स्लॅक. तेच काम जितके दिवस लांबवूनही त्याच्या पाठोपाठच्या कोणत्याही कामाची सुरुवात हलत नाही, तितका त्याचा फ्री स्लॅक. पहिला आकडा काढण्यासाठी सॉफ्टवेअर वेळापत्रकाची दोनदा फेरी करते: सुरुवातीकडून शेवटाकडे जाताना प्रत्येक काम लवकरात लवकर केव्हा संपेल ते ठरते, शेवटाकडून मागे येताना उशिरात उशिरा केव्हा संपले तरी चालेल ते ठरते, आणि या दोन तारखांमधले अंतर म्हणजे टोटल स्लॅक. फ्री स्लॅकला मागे येणारी फेरी लागतच नाही. हातातले काम संपण्याची तारीख आणि पुढच्या कामांपैकी सर्वांत आधी सुरू होणाऱ्या कामाची तारीख एवढ्यावर तो निघतो.

उदाहरण म्हणून कारखान्यात नवे यंत्र बसवण्याचा प्रकल्प घेऊ. यंत्राची ऑर्डर देऊन ते हाती यायला २० दिवस लागतात, ते बसवायला ५ आणि चाचणीला ५, म्हणजे प्रकल्प ३० दिवसांचा. दरम्यान यंत्राचा पाया तयार करायचा आहे: पायाचे ड्रॉइंग ४ दिवस, खोदकाम आणि काँक्रीट ६ दिवस, त्यानंतर क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देणे, ७ दिवस. पाया १७ दिवसांत तयार होतो, पण यंत्र २० दिवसांनी येते. म्हणजे मध्ये ३ दिवसांची सवड आहे. सोयीसाठी सर्व कामांचे कॅलेंडर, म्हणजे कामाचे आणि सुटीचे दिवस, एकच आहे असे धरू.

सॉफ्टवेअर आता काय दाखवते ते पाहावे. ड्रॉइंगचा टोटल स्लॅक ३, खोदकाम आणि काँक्रीटचा ३, क्युरिंगचाही ३. तक्ता वरून खाली वाचणाऱ्याला वाटते की तिघांनाही प्रत्येकी तीन दिवस मिळाले आहेत. प्रत्यक्षात तीन दिवस एकदाच मिळालेले आहेत आणि तेच तीन ओळींत तीनदा छापले गेले आहेत. तिन्ही ठिकाणी तीन-तीन दिवस उशीर झाला, तर पाया १७ ऐवजी २६ दिवसांनी तयार होईल, यंत्र ६ दिवस पडून राहील आणि प्रकल्प ३६ दिवसांवर जाईल. आणि तरीही तिघांपैकी प्रत्येकजण प्रामाणिकपणे म्हणेल की मी माझ्या स्लॅकच्या बाहेर गेलो नाही.

फ्री स्लॅकचा रकाना मात्र वेगळे सांगतो: ड्रॉइंगला ०, खोदकामाला ०, क्युरिंगला ३. ड्रॉइंग एक दिवस लांबले की खोदकाम एक दिवस लांबते, म्हणून ड्रॉइंगला स्वतःची अशी सवड नाहीच. सारी मोकळी सवड साखळीच्या शेवटच्या कामाजवळ, म्हणजे साखळी दुसऱ्या वाटेला जाऊन मिळते तिथे, साठलेली दिसते. टोटल स्लॅक हा साखळीचा सामाईक ठेवा आहे आणि फ्री स्लॅक हा एकट्या कामाचा, असे म्हणता येते. ड्रॉइंगला २ दिवस जास्त लागले, तर उरलेल्या दोन्ही कामांचा टोटल स्लॅक त्याच क्षणी १ होतो, जरी त्या लोकांनी काहीच चूक केलेली नसली तरी.

दोन्ही आकडे शून्याहून मोठे आणि तरी असमान, असेही होते. याच प्रकल्पात ऑपरेटरांची नेमणूक करायला १० दिवस आणि प्रशिक्षण-पुस्तिका लिहायला ७ दिवस लागतात; दोन्ही पहिल्याच दिवशी सुरू होतात, ती झाल्यावर ५ दिवसांचे प्रशिक्षण होते आणि ते चाचणीच्या आधी, म्हणजे २५ दिवसांच्या आत, संपायला हवे. पुस्तिकेचा फ्री स्लॅक ३ आहे, कारण नेमणूक होईपर्यंत प्रशिक्षण सुरू होणार नाही. तिचा टोटल स्लॅक मात्र १३ आहे. पहिले ३ दिवस लेखकाने खुशाल वापरावेत, कोणाला विचारण्याचीही गरज नाही. पुढचे १० दिवस वापरायचे तर प्रशिक्षण घेणाऱ्यांशी बोलावे लागेल.

आता क्रिटिकल कामांकडे, म्हणजे क्रिटिकल पाथवरच्या कामांकडे, वळू. एखादे काम क्रिटिकल आहे की नाही, हे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे सॉफ्टवेअर टोटल स्लॅकवरून ठरवते. तो शून्य किंवा त्याहून कमी असेल, तर काम क्रिटिकल, अशी मर्यादा मुळात ठरवलेली असते. फ्री स्लॅकचा येथे काही संबंध नाही. आपल्या उदाहरणात ड्रॉइंगचा फ्री स्लॅक शून्य असूनही ते काम क्रिटिकल नाही. क्रिटिकल आहेत ती यंत्राचा पुरवठा, ते बसवणे आणि चाचणी. फ्री स्लॅक शून्य असलेली कामे वेगळी काढून ‘ही आमची क्रिटिकल कामे’ असे दाखवणारे अहवाल तयार होतात, तेव्हा निम्मी यादी चुकीची असते. क्रिटिकल या शब्दाचा अर्थ महत्त्वाचे असाही नाही. पाया नसेल तर यंत्र उभेच राहणार नाही, तरीही पायाची कामे या वेळापत्रकात क्रिटिकल नाहीत. ही मर्यादा बदलता येते, आणि ती २ किंवा ३ दिवसांवर न्यावी असे मी आग्रहाने सुचवेन, कारण ३ दिवसांची सवड असलेली साखळी एका आजारपणाने क्रिटिकल होऊ शकते.

मुदत घातल्यावर चित्र आणखी बदलते. समजा, चाचणीवर २८ दिवसांची डेडलाइन नोंदवली. मुख्य साखळीचा टोटल स्लॅक उणे २ होतो, म्हणजे आहे त्या योजनेने मुदत २ दिवसांनी चुकणार आहे. पायाच्या साखळीचा टोटल स्लॅक ३ वरून १ वर येतो. पण यंत्र अजूनही २० दिवसांनीच येणार असल्यामुळे क्युरिंगनंतरची मोकळी जागा हिशेबाने ३ दिवसांचीच राहते. फ्री स्लॅक नेहमी टोटल स्लॅकपेक्षा कमी किंवा त्याच्याइतका असतो, हा पाठ केलेला नियम येथे लागू पडत नाही. पुरवठा २ दिवसांनी लवकर करवून घेतला, की क्युरिंगपुढची जागाही १ दिवसावर येते आणि दोन्ही आकडे पुन्हा जुळतात.

‘शक्य तितक्या उशिरा’ ही अट कामावर लावली, तर दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगळे घडते, आणि त्याचे कारण हाच भेद आहे. प्रायमाव्हेरा काम केवळ त्याच्या फ्री फ्लोटपुरतेच पुढे ढकलते. म्हणून ड्रॉइंगवर ही अट लावूनही ते जागचे हलत नाही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट टोटल स्लॅक वापरते. तिथे ड्रॉइंग ३ दिवस पुढे जाते, खोदकाम आणि क्युरिंग त्याच्यामागे सरकतात आणि पायाची संपूर्ण साखळी क्रिटिकल होऊन बसते.

आकडा वाचण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पुस्तिकेला प्रशिक्षणाशी जोडायचे राहून गेले, तर सॉफ्टवेअर तिला प्रकल्पाच्या अखेरपर्यंतची, म्हणजे २३ दिवसांची सवड देईल, आणि ती दोन्ही रकान्यांत दिसेल. पुढे कोणतेही काम नसलेल्या कामाचा फ्री स्लॅकही प्रकल्पाच्या शेवटावरूनच मोजला जातो. अनपेक्षित मोठा स्लॅक ही बहुधा हरवलेल्या जोडणीची खूण असते. दुसरी गोष्ट कॅलेंडरची. क्युरिंग सुटीच्या दिवशी थांबत नाही, म्हणून त्याला सातही दिवसांचे कॅलेंडर दिले, तर एकाच साखळीतल्या कामांचे टोटल स्लॅक वेगवेगळे दिसू शकतात, आणि ती चूक नसते.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या शेड्यूल टेबलमध्ये दोन्ही रकाने शेजारी-शेजारी असतात. गँट चार्टवर, म्हणजे कामे तारखांवर आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्यावर, कामाच्या पट्टीपुढे स्लॅकची बारीक रेघ काढता येते, पण ती रेघ फ्री स्लॅकपर्यंत ओढली आहे की टोटल स्लॅकपर्यंत, हे बार स्टाइलमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या मांडणीच्या सेटिंगमध्ये, ठरते. चार्ट छापून भिंतीवर लावण्याआधी ते उघडून पाहावे. काम सोपवताना मी करणाऱ्याला फ्री स्लॅकचा आकडा सांगतो आणि टोटल स्लॅकचा आकडा संपूर्ण साखळीच्या लोकांना एकत्र बसवून सांगतो, त्यातला किती कोण वापरणार हे तिथेच ठरवून.