मूठभर मुलखाची ब्लॅकबेरी

युरोपातली एखादी रानटी ब्लॅकबेरी चार-दोन खोऱ्यांपलीकडे कुठेच मिळत नाही असं कळलं, की ती पूर्वी सगळीकडे असेल आणि आता आक्रसली असेल असं वाटतं. काही जातींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण अनेकदा ती तिथेच उपजलेली असते आणि अजून लांब पोचलेलीच नसते.

1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने युरोपातल्या बहुतेक काळ्या फळांच्या काटेरी जाळ्या ‘रुबस फ्रुटिकोसस’ या एकाच नावाखाली घातल्या. ते टिकणार नव्हतंच. 1822 ते 1827 या काळात वाइहे आणि नेस फॉन एसेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या डझनावारी जाती चित्रांसह वेगळ्या काढल्या. 1869 मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बॅबिंग्टनने ब्रिटनमधल्या जाळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नावांचा ढीग वाढला, तसा या खरंच जाती आहेत का, हा वादही.

गाठ सुटली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, स्वीडनमध्ये. तिथल्या बेंग्ट लिडफोर्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने संकर घडवून पाहिले, तर कितीतरी रोपं हुबेहूब आईसारखी निघाली. कारण इथे पराग लागतो तो बहुधा बीजातला पोषक भाग तयार होण्यापुरता. गर्भ आईच्याच पेशीतून वाढतो. म्हणजे बी पेरलं तरी उगवते ती आईचीच प्रत. मात्र हा नियम अधूनमधून मोडतो, खरा संकर होतो, आणि त्यातली एखादी नवी जाळी पुढे स्वतःच्याच प्रती काढत राहते. पक्षी फळं खातात, बिया नेतात, मुलूख हळूहळू वाढतो.

मग नाव द्यायचं कुणाला? एका कुंपणातल्या एकुलत्या जाळीला नाव देत बसलं तर अंतच नाही. जर्मन अभ्यासक हाइनरिख वेबरने पसाऱ्याचीच कसोटी लावली: साधारण 50 किलोमीटरपेक्षा कमी टापूत असणाऱ्या जाळीला सहसा नाव देऊ नये. मला ही कसोटी शहाणपणाची वाटते. तरीही एकट्या ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 300 हून जास्त जाती उरतात, आणि नोंदीत नुसतं ‘ब्लॅकबेरी’ लिहिलं की त्यातली दुर्मीळ जात नोंदीतूनच नाहीशी होते.

ओळख पटवायची तर पहिल्या वर्षीच्या फांदीचा मधला तुकडा पानासकट हवा आणि दुसऱ्या वर्षीच्या फांदीवरचा फुलोराही. फांदी गोल की कोनदार, काटे सरळ की वाकडे, त्यांच्यामध्ये लालसर ग्रंथी आहेत का, पानाची खालची बाजू लवदार आहे का, हे सगळं बघायचं. पाकळ्यांचा रंग जागेवरच लिहून घ्यायचा. वाळवलेल्या नमुन्यात तो उडतो.