तूट वाटून घेणारा जिल्हा

हवामानबदल हा शब्द नाशिकच्या शेतात अलीकडे आला. पाऊस दगा देतो हे मात्र इथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर, तसंच शेजारच्या धुळ्यात पांझरेवर, काही शतकांपूर्वी फड पद्धत रुजली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचं. खुबी अशी की शक्यतो प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असे. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचा. मग खोट कुणा एकाच्या माथी येत नसे. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी. त्यांची मजुरी धान्यात असे आणि पाटातला गाळ सगळे मिळून काढत. रामराज्य होतं असं नाही, भांडणं होतीच; पण ती मिटवायला गावातच पंच होते.

पुढे मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर धरण झालं. विहिरी वाढल्या, त्यांवर मोटारी बसल्या. स्वतःची विहीर असलेल्याला फडाचं बंधन जाचू लागलं आणि बरेच फड मोडले. सरकारी कालव्यावर तर टोकाच्या शेतकऱ्याची हयात पाण्याची वाट बघण्यातच जाई.

असंच टोकाचं गाव म्हणजे वाघाड धरणाच्या कालव्यावरचं ओझर. तिथे समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणलं आणि 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी संस्थेने भरायची, पीक ज्याचं त्याने ठरवायचं. फडात पीक ठरलेलं असे. इथे ठरलेला तो पाण्याचा वाटा. वाट्यातलं काही पाणी त्यांनी ओहोळांवरच्या बंधाऱ्यांत सोडलं, त्यामुळे भोवतालच्या विहिरींना पाझर वाढला. मला यातलं शहाणपण हेच वाटतं: ज्या विहिरींनी फड मोडायला हातभार लावला, त्याच इथे संस्थेच्या हिशेबात आल्या. अशा संस्थांना राज्याने 2005 मध्ये स्वतंत्र कायदा दिला.

एप्रिल 2016 मध्ये नाशिकचं गोदावरीतलं रामकुंड कोरडं पडलं. अशा दुष्काळाला तोंड द्यायची रीत या परंपरेत आहे. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीपुढे मात्र ती तोकडी पडली. द्राक्षं, कांदा, डाळिंब हातचं गेलं, आणि तेव्हापासून अवकाळी पाऊस द्राक्षवाल्यांच्या पाठीच लागला आहे. पाण्याची पाळी आधी ठरवता येते, गारांची येत नाही. एका शिवारात सडा पडतो, शेजारचं शिवार सुटतं. बागेवर प्लास्टिक टाकावं तर त्याचा खर्च ज्याचा त्यालाच उचलावा लागतो, आणि सोसायटीचं कर्जही ज्याच्या त्याच्याच सातबाऱ्यावर चढतं.