नव्वद की एकशेचाळीस?

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात तेलाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं की एक सल्ला हमखास कानावर पडतो: "क्राउन आवाज करतोय? एक सौ चालीस डाल दो, बैठ जाएगा." क्राउन म्हणजे मागच्या एक्सलमधलं मोठं दातेरी चाक, आणि सल्ला असतो तिथे ९० ऐवजी १४० नंबरचं जाड गिअर ऑइल घालायचा. बरेचदा आवाज बसतोही. जाड तेलात दातांची खडखड दबते, एवढंच. झिजलेलं बेअरिंग किंवा सैल पडलेला पिनियन, म्हणजे क्राउनला फिरवणारं छोटं दातेरी चाक, आत तसाच राहतो, आणि जो आवाज ऐकून गाडी वेळीच उघडली गेली असती तो मात्र बंद होतो.

तेल जितकं जाड तितकं ताकदीचं, हा समज काही केल्या जात नाही. डब्यावरचा ९० किंवा १४० हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो. तेल कोणत्या कामासाठी बनवलंय, हे त्याच डब्यावर बारीक अक्षरांत दुसरीकडे लिहिलेलं असतं. ते वाचायचं तर डिफरन्शिअलच्या हौसिंगमध्ये, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या गोळ्यात, काय चाललंय ते आधी कळायला हवं.

देवास नाक्यावर ट्रक काटकोनात वळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचं मागचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे पावणेतीन मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच सळईला पक्की जोडली असती तर एक टायर घासत फरफटला असता. चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी जुळणी ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी पेटंट केली. तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. बदलले ते क्राउन आणि पिनियनचे दात.

१९२०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत हायपॉइड दात आले. यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर न बसता जरा खाली बसतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे येणारा फिरता दांडा, खाली गेला, मोटारी बुटक्या झाल्या, पिनियन मोठा करता आला, एका वेळी जास्त दात भिडू लागले आणि आवाजही कमी झाला. किंमत एकच मोजावी लागली. साध्या गिअरचे दात एकमेकांवर मुख्यतः लोळतात, हायपॉइडचे दात लोळता लोळता घसरतात, तेही प्रचंड दाबाखाली. या घसरण्यात तेलाचा थर फाटतो. तेल कितीही जाड असलं तरी काही ठिकाणी पोलादाला पोलाद भिडतंच, आणि क्षणभर तिथलं तापमान इतकं चढतं की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटून सोलले जाऊ शकतात.

या ठिकाणी घट्टपणा हात टेकतो आणि रसायन पुढे येतं. गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळलेली असतात. डबा उघडल्यावर येणारा तो कुजकट दर्प गंधकाचा. थंड तेलात ही संयुगं जवळजवळ निवांत असतात. दातांचा संपर्कबिंदू तापला की गंधक तिथल्या लोखंडाशी संयोग पावतं आणि पृष्ठभागावर आयर्न सल्फाइडचा अतिपातळ थर धरतो. हा थर मूळ धातूपेक्षा कमजोर असतो, आणि तेच हवं असतं. पुढच्या घसरणीत दाताऐवजी तो खरवडला जातो, मग नवा बनतो. पोलाद वाचतं, रसायन मात्र खर्ची पडत राहतं. तेल दिसायला बरं असूनही जुनं होतं, त्याचं हे एक मोठं कारण.

जीएल-४ आणि जीएल-५ या तेलाच्या दर्जांत मुख्य फरक या रसायनाच्या मात्रेचा. हायपॉइड क्राउन-पिनियनला जीएल-५ लागतं. गिअरबॉक्समध्ये जीएल-४, ज्यात ही संयुगं साधारण निम्मी असतात. मग जास्तीचं तेच चांगलं म्हणून सगळीकडे जीएल-५ का ओतू नये? कारण गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझर रिंगा, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या, बहुधा पितळी असतात, आणि लोखंडाला वाचवणारं गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खाऊ शकतं. शिवाय त्या रिंगांना पकड घ्यायला थोडं घर्षण हवंच असतं.

आता आकड्यांकडे. ९० नंबरचं तेल १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक) भरतं. इंजिनचं ४० नंबरचं तेल त्याच तापमानाला १२.५ ते १६.३ भरतं. म्हणजे दोघं जवळजवळ सारखीच घट्ट. मोजपट्ट्या वेगळ्या असल्यामुळे ९० हा आकडा उगाच भारी वाटतो. १४० मात्र खरोखर जाड, २४ च्या पुढे. ८०डब्ल्यू-९० मधला डब्ल्यू थंडीचा: ८०डब्ल्यू उणे २६ अंशांपर्यंत, ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत पुरेसं वाहतं. इंदुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीही पारा शून्याला टेकणं विरळा, त्यामुळे इथल्या गाडीला या पहिल्या आकड्याची चिंता नाही. लडाखकडे माल नेणाऱ्याने ती करावी.

खरी चिंता उष्णतेची. महाराष्ट्रातून इंदूरला येताना सेंधव्याच्या अलीकडे बिजासनचा घाट लागतो. दीडशे किलोवॉटचा, म्हणजे साधारण दोनशे अश्वशक्तीचा ट्रक पूर्ण मालानिशी पूर्ण जोर लावून तो चढत असेल आणि क्राउन-पिनियनमध्ये चार टक्के शक्ती जरी वाया जात असेल, तरी ती सहा किलोवॉट होते. दोन किलोवॉटचे तीन गिझर हौसिंगमधल्या तेलात सोडल्यासारखंच ते. त्यातच चढावर पिनियनचं तोंड वर उचललं जातं, तेल मागे सरकतं आणि पुढच्या बेअरिंगला क्राउनने उडवलेल्या तेलावर भागवावं लागतं. पातळी कमी असेल तर पहिला बळी तेच बेअरिंग. अशा गाडीला कंपनीने ८५डब्ल्यू-१४० सांगितलं असेल तर ते जरूर घालावं. सांगितलं नसेल तर जाड तेल घुसळण्यातच शक्ती जाते, आणि तीही उष्णता होऊनच बाहेर पडते.

ट्रान्सफर केसचा, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या एक्सलांत वाटणाऱ्या पेटीचा, हिशेब वेगळा. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांतच तो असतो: जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत तयार होणारे लष्कराचे स्टॅलियन ट्रक, काही जीप, काही पिकअप. जुन्या, अवजड, फक्त गिअरवर चालणाऱ्या केसला गिअर ऑइल चालतं. अनेक हलक्या गाड्यांच्या केसमध्ये मात्र साखळी असते, आणि तेल फिरवणारा छोटा पंप. त्यांना बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल लागतं, ९० च्या निम्म्याहूनही पातळ. त्यात ९० ओतलं तर साखळीच्या कड्यांत तेल शिरायला उशीर आणि पंपाला धाप. हेच लाल तेल क्राउनमध्ये घातलं तर दातांची वाट लागलीच म्हणून समजा. विजेवर चालणाऱ्या क्लचच्या केसमध्ये गाडीच्या पुस्तकात दिलेलं तेलच घालावं, नाहीतर वळताना झटके बसतात. या लाल तेलांत आणि काही गिअर ऑइलांत एके काळी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने ते बंद केलं आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधत धावावं लागलं.

तेल बदलताना गाडी थोडी चालवून आणावी. कोमट तेलाबरोबर तळाचा गाळही निघतो. आधी वरचा, भरायचा बोल्ट उघडून बघावा, मग खालचा. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागच्या जागी अडकते. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप सापडतो. बोटांत चोळून बघावा. मऊ असेल तर ती रोजची झीज. कण टोचले किंवा चकत्या निघाल्या तर तेल बदलून भागणार नाही. तेल दुधाळ चहाच्या रंगाचं असेल तर आत पाणी शिरलंय. पावसाळ्यात तापलेला एक्सल नाल्यात बुडाला की आतली हवा आक्रसते, आणि चिखलाने ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड, बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते. त्यामुळे वरचा हा बोटभर ब्रीदर साफ केल्याशिवाय नवं तेल भरण्यात काहीच अर्थ नाही. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरायचं, समतल जागी. जास्त भरलं तर फेस होतो, सील गळतं आणि तेल थेट ब्रेक लायनरवर जातं.

जुनं तेल नालीत ओतू नये हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको, तरी ते ओतलं जातं. २०१६च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे; गाळून पुन्हा वापरणाऱ्या परवानाधारकाकडेच तो जायला हवा.

ट्रान्सफर केसचं तेल काढताना एक गोष्ट मोजून ठेवावी: निघालं किती. भरलं होतं त्याहून जास्त निघालं आणि शेजारच्या गिअरबॉक्समधून तेवढंच कमी निघालं, तर दोघांमधलं सील गेलंय. बाहेर एक थेंबही न सांडता तेल इकडून तिकडे चाललंय, आणि जमिनीवर डाग नसल्यामुळे गिअरबॉक्स घरघरायला लागेपर्यंत कुणाच्या ते लक्षातही येत नाही.