धूमकेतू पुन्हा कधी येणार?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सूर्यास्तानंतर पुण्याच्या पश्चिम क्षितिजावर त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू दिसत होता, तेव्हा पाहणाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: हा पुन्हा कधी येणार? दीर्घावधी, म्हणजे सूर्याभोवती एका फेरीला शेकडो-हजारो वर्षे घेणाऱ्या, धूमकेतूंच्या बाबतीत याहून अवघड प्रश्न क्वचितच असेल.

उत्तरासाठी आधी धूमकेतूची कक्षा काढावी लागते. त्यासाठी छायाचित्रातील ओळखीच्या ताऱ्यांच्या आधारे धूमकेतूचे विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातील स्थान सांगणारे दोन कोन, मोजतात. दिवसाला एक अंश सरकणारा धूमकेतू मिनिटाला अडीच विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) पुढे जातो. म्हणजे घड्याळ २४ सेकंद चुकले, की स्थान एका विकलेने चुकलेच. म्हणूनच पुण्यातील निरीक्षकाने भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा करून येणारी जागतिक वेळ सेकंदांसह नोंदवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

या मोजमापातून दिशा कळते, अंतर मात्र कळत नाही. कक्षा निश्चित करायला सहा संख्या लागतात आणि एका निरीक्षणातून दोनच मिळतात, म्हणून निदान तीन वेगवेगळ्या वेळची निरीक्षणे हवीत. १८०१ मध्ये गणितज्ञ गाऊसने सेरेस या बटुग्रहाची कक्षा याच तत्त्वावर काढली. त्याआधी १७९७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्सने धूमकेतूची कक्षा अन्वस्त, म्हणजे टोके कधीच न जुळणारा वक्र, मानून गणित सोपे केले होते.

खरी अडचण इथेच आहे. आपल्याला धूमकेतू सूर्याजवळ असतानाच दिसतो आणि तेवढ्या तुकड्यात अतिलांबट लंबवर्तुळ व अन्वस्त जवळजवळ एकमेकांवर बसतात. समजा, एक धूमकेतू सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावरून वळसा घेतो. कक्षेचा लांबटपणा सांगणारी विमध्यता ०.९९५ असेल, तर त्याला एका फेरीस सुमारे २,८०० वर्षे लागतील, ती ०.९९९ असेल, तर सुमारे ३१,६०० वर्षे! फरक अवघा चार सहस्रांशांचा. तो पकडायचा, तर महिनोन्‌महिन्यांची निरीक्षणे लागतात आणि जुन्या छायाचित्रांत नकळत टिपला गेलेला धूमकेतू सापडला, तर ते घबाडच.

हेल-बॉप धूमकेतू १९९५ मध्ये सापडला, पण १९९३ च्या एका छायाचित्रातही तो मिळाला आणि निरीक्षणांचा पल्ला एकदम दोन वर्षांनी मागे गेला. तरीही ग्रहांचे ओढणे हिशेबात धरावेच लागते: एप्रिल १९९६ मध्ये तो गुरूपासून ०.७७ खगोलीय एककांवरून (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) गेला आणि त्याचा सुमारे ४,२०० वर्षांचा आवर्तनकाळ अडीच हजार वर्षांच्या आसपास आला.