गोलरक्षक पुढे का सरकतो?

परवा आमच्या गटावर आइस हॉकीची एक चित्रफीत आली. खाली मजकूर असा, की गोलरक्षकाचे रिफ्लेक्स बघा, पक सुटल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत हात तिथे! चित्रफीत झकास आहे. फक्त हिशेब जुळत नाही.

पक म्हणजे कडक रबराची चकती. व्यास ७.६२ सेंमी, वजन सुमारे १७० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित जास्तच. सामन्याआधी तो गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. जोरदार फटक्याचा वेग ताशी १६० किमीच्या घरात, सेकंदाला साधारण ४४ मीटर. दहा मीटरवरून मारला तर जाळ्यात पोचायला ०.२३ सेकंद. आता डोळ्यांनी पाहून स्नायूंना हलायचा हुकूम पोचायलाच ०.२ सेकंद जातात. हात हलून तिथवर जाणार कधी? नुसत्या चपळाईवर हे काम भागत नाही.

मग ते फटके अडतात कसे? एक उत्तर नजरेचं. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जोन विकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोलरक्षकांची नजर कुठे असते ते मोजलं. चांगला गोलरक्षक फटका सुटण्याआधीपासूनच पक आणि स्टिकवर नजर रोवून असतो. अंदाज तिथेच बांधला जातो.

दुसरं उत्तर माझ्या आवडीचं, आणि ते नववी-दहावीच्या भूमितीत आहे. गोलची चौकट १८३ सेंमी रुंद, १२२ सेंमी उंच. फटका मारणारा समोर १० मीटरवर. त्याच्या पकपासून दोन्ही खांबांपर्यंत रेषा काढा, त्रिकोण झाला. गोलरक्षक गोलरेषेवरच उभा राहिला तर त्याला १८३ सेंमी झाकायचे आहेत. तो २ मीटर पुढे सरकला की समरूप त्रिकोणांच्या नियमाने रुंदी उरते १८३ × ८/१०, म्हणजे १४६ सेंमी. मारणारा बाजूला ४५ अंशांवर असेल तर चौकट मुळातच अरुंद दिसते : १८३ ला ४५ अंशांच्या कोसाइनने गुणा, १२९ सेंमी.

खरी गंमत उभ्या दिशेला आहे. पक बर्फावरून, जवळजवळ शून्य उंचीवरून निघतो. वरच्या दांडीकडे जाणारी रेषा तिरकी चढत असते, म्हणून २ मीटर पुढे आलेल्या गोलरक्षकापाशी तिची उंची १२२ नाही, ९८ सेंमी असते. धिप्पाड माणूस गुडघ्यांवर बसला की त्याचे खांदे साधारण तेवढ्याच उंचीवर येतात. म्हणजे पुढे येऊन गुडघे टेकले आणि पाय दोन्ही बाजूंना पसरले, की वरचंही झाकलं गेलं आणि बर्फालगतचंही. हीच ती 'बटरफ्लाय' पद्धत. (इथे कंटाळा आला असेल तर कागदावर एकदा आकृती काढा, मग पटेल.)

ग्लेन हॉल या गोलरक्षकाने १९५० च्या दशकात ती रूढ करायला सुरुवात केली. १९५५ ते १९६२ मध्ये त्याने सलग ५०२ सामने पूर्ण खेळले, तेही मुखवट्याशिवाय. गुडघे टेकले की तोंड थेट पकच्या वाटेत येतं, हे लक्षात घेतलं तर अंगावर काटा येतो. सामन्याआधी त्याला उलट्या होत, यात नवल ते काय!

मुखवटा सामन्यांत रूढ केला मॉन्ट्रियलचा गोलरक्षक जाक प्लांतने. १ नोव्हेंबर १९५९, न्यू यॉर्क. प्रतिस्पर्धी संघाच्या अँडी बाथगेटचा फटका प्लांतच्या तोंडावर बसला, टाके पडले. मुखवट्याशिवाय पुन्हा उतरायला त्याने साफ नकार दिला. प्रशिक्षक टो ब्लेक यांना मुखवटा मंजूर नव्हता, त्याने दिसायला अडथळा होतो असं त्यांचं मत. पण तेव्हा राखीव गोलरक्षक तयार ठेवायची पद्धत नव्हती, त्यामुळे ब्लेक यांचा नाइलाज झाला. सामना मॉन्ट्रियलने ३-१ जिंकला.

बटरफ्लाय पूर्णत्वाला नेली पॅट्रिक रॉय या गोलरक्षकाने. हा माणूस गोलच्या खांबांशी गप्पा मारायचा आणि बर्फावरच्या रेषांवर पाय पडू द्यायचा नाही. त्याची चार अजिंक्यपदं या टोटक्यांच्या खात्यात टाकणारे भाबडे चाहते आहेतच. खांबाला लागून बाहेर गेलेले फटके त्यांना आठवतात. खांबाला लागून आत गेलेल्यांची नोंद मात्र कोणी ठेवत नाही.

पुढे सरकण्यात धोकाही आहे. मारणाऱ्याने न मारता आडवा पास दिला तर पुढे आलेल्याला मोठा वळसा घ्यावा लागतो आणि मागे जाळं सताड उघडं. म्हणून किती पुढे यायचं हा दर क्षणाला नवा सौदा असतो.

आणि मग डॉमिनिक हाशेक. आडवा पडून, लोळून, कधी स्टिक टाकून देऊन अडवणारा हा चेक गडी कुठल्याच साच्यात बसत नाही. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पेनल्टी फटक्यांवर निकाल लागायचा होता. एका बाजूला कॅनडाकडून रॉय, दुसऱ्या बाजूला हाशेक. रॉयने एकच गोल खाल्ला. हाशेकने पाचही फटके अडवले.